स्वस्त क्लिक, महाग पत्ता : खानदेशी पदार्थांच्या धंद्यातील ई-मेल यादीचा हिशेब

गिरणीवाला (यावल)

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे. गेल्या चार वर्षांपासून तिला जोडूनच कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, उडदाचे पापड आणि काळा मसाला असा माल आम्ही बाहेरगावी पाठवतो. गिऱ्हाईक बहुतेक आपलेच, म्हणजे पुणे, मुंबई, नाशिक आणि सुरतेला स्थायिक झालेले खानदेशी लोक. जाहिरातीवर थोडका पैसा घालून ई-मेलची यादी उभी करता येते का आणि त्या यादीतून खरोखर पैसे सुटतात का, असे मागे इथे कुणीतरी विचारले होते. त्याचे उत्तर दोन ओळींत देण्यासारखे नसल्यामुळे हा स्वतंत्र धागा काढत आहे. जे लिहितो आहे ते माझ्या वहीतल्या आकड्यांवरून लिहितो आहे. दुसऱ्या धंद्यात हेच आकडे येतील असा माझा दावा नाही.

प्रथम ई-मेलच का, ते सांगतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. फेसबुकवरचे पान आपल्या नावाचे असले तरी ते कुणाच्या डोळ्यांपुढे जाईल हे आपल्या हाती नसते. ई-मेलची यादी मात्र एका फाइलमध्ये उतरवून घेता येते, आणि आजची सेवा महाग झाली किंवा बंद पडली तर तीच फाइल उचलून दुसरीकडे नेता येते. उधारीची वही दुकानदार ज्या कारणासाठी स्वतःच्या गल्ल्यात ठेवतो, तेच हे कारण.

पहिल्या खेपेला मी सर्वांत स्वस्त मिळेल ती रहदारी घेतली. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या चित्रजाहिराती लावल्या, ‘खानदेशी पाककृतींची पुस्तिका मोफत’ असे आमिष ठेवले आणि क्लिकला सरासरी ९० पैसे पडले म्हणून खूश झालो. ३,६०० रुपयांत ४,००० क्लिक आले, ३१० पत्ते जमले. मग प्रत्येकाला ‘हा पत्ता आपलाच असल्यास येथे दाबा’ असे खात्रीचे पत्र गेले, तेव्हा ६४ जणांनी दाबले. तीन महिन्यांत त्यांतल्या दोघांनी माल मागवला. जाहिराती कुठे दिसल्या याची यादी उघडून पाहिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, कारण निम्म्याहून अधिक क्लिक मोबाइलवरच्या खेळांतून आले होते. फुगे फोडता फोडता पोराचे बोट जाहिरातीवर पडते आणि आपले ९० पैसे जातात. गिरणीत दाणा संपला की दगडांचा आवाज बदलतो आणि न पाहताही कळते की रिकामी फिरते आहे. जाहिरातीत तो आवाज येत नाही, म्हणून ती यादी उघडून पाहावी लागते.

दुसऱ्या खेपेला तेवढेच ३,६०० रुपये घेतले आणि फक्त शोधपानावरच्या जाहिराती लावल्या. शब्द निवडताना गल्ल्यावर बसून ऐकलेले प्रश्न कामी आले. ‘कळण्याला उडीद किती घालायचा’, ‘बिबडे कुठे मिळतील’, ‘काळा मसाला भुसावळ’ असे प्रश्न लोक देवनागरीत टाइप करतात, रोमन लिपीत करतात, आणि रोमनमध्ये तर एका ‘कळणा’ शब्दाची चार-पाच स्पेलिंगे होतात. या शब्दांवर दुसरा कुणी बोली लावत नाही, त्यामुळे क्लिक साडेचार रुपयांना पडला. पुस्तिकेचे आमिषही काढून टाकले. त्याऐवजी एका पानाचा तक्ता ठेवला, ज्यात एक, दोन आणि पाच किलो ज्वारीला आमच्याकडे उडीद व मीठ किती घेतात, आणि शहरातल्या गिरणीवाल्याला ‘गव्हावर दळू नका, आधी ज्वारी जाऊ द्या’ हे का सांगायचे, एवढेच होते. ८०० क्लिकमधून १९६ पत्ते आले आणि त्यांतल्या १४१ जणांनी खात्रीच्या पत्रावर दाबले.

दोन्ही खेपांना जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे प्रत्यक्ष खर्च ४,२४८ रुपये झाला, आणि मी जीएसटीत नोंदणीकृत नसल्यामुळे तो परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आता भागाकार करून पाहा. ९० पैशांच्या क्लिकमधून आलेला पक्का, म्हणजे खात्री झालेला, पत्ता मला ६६ रुपयांना पडला आणि साडेचार रुपयांच्या क्लिकमधून आलेला ३० रुपयांना.

तरीही दुसऱ्या खेपेला लगेच नफा झाला असे नाही. एका पार्सलमागे माल, डबा आणि कुरिअर वजा जाता माझ्या हाती साधारण १४० रुपये राहतात. पहिल्या तीन महिन्यांत २३ पार्सले गेली, म्हणजे ३,२२० रुपये सुटले आणि हजाराच्या आसपास तोटा राहिला. खरे पैसे सुटले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. त्याच १४१ जणांना तीन पत्रे गेली, जाहिरातीला एक पैसा लागला नाही आणि ३१ पार्सले गेली. पहिल्या विक्रीवर डोळा ठेवून ज्यांनी तिसऱ्या महिन्यात गाशा गुंडाळला असता, त्यांच्या वहीत हा धंदा तोट्याचा म्हणूनच नोंदला गेला असता.

जाता जाता एक गोष्ट. गूगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडताना, त्या ठिकाणी असलेल्या लोकांबरोबरच त्या ठिकाणाबद्दल रस दाखवणाऱ्या लोकांनाही जाहिरात दाखवायची, अशी सोय मुळातच चालू असते. सगळे जाणकार ती बंद करायला सांगतात, आणि जळगावात घरपोच डबे देणाऱ्याने ती बंदच करावी. माझे गिऱ्हाईक मात्र हडपसरला बसून जळगावचे काही तरी शोधत असते. मी ती चालू ठेवली आणि मला तिचा फायदा झाला.

तापीकाठचा (रावेर)

गिरणीवाले भाऊ, आपला हिशेब वाचून माझी जुनी जखम उघडी पडली. माझा विषय केळी. घडांवर घालायच्या स्कर्टिंग बॅगा आणि ठिबकचे सुटे भाग मी विकतो. माझ्याकडे फुकटची रहदारी होती, कारण ‘आजचे केळी भाव’ असे पान मी रोज अद्ययावत करत असे आणि त्यावर सकाळी उठल्याबरोबर शेकडो लोक येत. त्या पानावर ई-मेलसाठी चौकट ठेवली तेव्हा थोड्याच दिवसांत सातशे पत्ते झाले आणि मला वाटले, आता काय, गंगेत घोडे न्हाले.

झाले असे की त्या सातशे जणांना फक्त भावाचा आकडा हवा होता. पत्राच्या पहिल्या ओळीत भाव दिला की ते तेवढा वाचून पत्र बंद करीत, आणि भाव नसलेले पत्र गेले की नाव काढून घेण्याची विनंती येई. त्यांचा दोष काहीच नाही. मीच त्यांना भावासाठी बोलावले होते आणि पिशव्या दाखवत होतो. शिवाय त्यांत किती जण शेतकरी, किती व्यापारी आणि किती नुसते बघे होते, हे मला ठाऊकच नव्हते.

मग मी ती चौकट काढली आणि दुसऱ्या पानावर नवी चौकट केली. पत्त्याबरोबर तिथे एकच प्रश्न विचारला की आपली लागवड मृगबागेची आहे की कांदेबागेची, आणि लागवडीचा महिना कोणता. एवढ्या एका प्रश्नामुळे येणारे पत्ते एकदम कमी झाले, पण जे आले ते सगळे बागायतदार निघाले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की आपल्याकडे जून-जुलैची लागवड ती मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ती कांदेबाग. ग्रँड नैन या केळीच्या वाणाच्या बागेत लागवडीनंतर साधारण सात-आठ महिन्यांनी निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, सुरू होते आणि घडावर पिशवी घालायची वेळ तीच असते. ज्याने जुलै लिहिला त्याला पिशव्यांचे पत्र जानेवारीच्या शेवटी जाते आणि ज्याने ऑक्टोबर लिहिला त्याला मेच्या अखेरीस. मधल्या काळात मी विक्रीचे काही पाठवत नाही. कुकुंबर मोझॅकचे झाड दिसले तर ते उपटून बागेबाहेर का न्यायचे, मावा हा रोग कसा पसरवतो आणि बागेच्या कडेला काकडी-भोपळा का लावू नये, असे लिहितो.

आता आपल्या हिशेबातल्या एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. शेतकरी ई-मेल उघडतो हे आपण गृहीत धरू नये. माझ्या वडिलांच्या फोनमध्ये जीमेल आहे, कारण त्याशिवाय प्ले स्टोअर चालत नाही. त्यांनी ते आजवर एकदाही उघडलेले नाही. माझ्या यादीतले वाचक बहुतेक शिकून शेतीकडे वळलेली मुले आणि निर्यातीची पॅकहाउस चालवणारे आहेत. त्यामुळे अमुक विषयातली रहदारी स्वस्त आहे एवढ्यावरून उडी घेऊ नये. त्या विषयाचा माणूस ई-मेल वाचतो का, हे आधी चार ओळखीच्या लोकांना विचारून घ्यावे.

गिरणीवाला (यावल)

आक्षेप मान्य आहे. माझा वाचक नोकरदार असल्यामुळे त्याचे ई-मेल दिवसभर उघडे असते आणि त्याचा फायदा मला न मागता मिळाला, हे मी आधीच लिहायला हवे होते. लागवडीचा महिना विचारण्याची युक्ती मात्र मी उचलणार आहे. माझ्याकडे तिचे रूप ‘आपण सध्या कुठे राहता’ असे होईल, कारण सुरतेचे पार्सल आणि मुंबईचे पार्सल यांच्या कुरिअरात फरक पडतो.

भुसावळ_जंक्शन

सर्वांचे वाचले. माझा प्रश्न अडाण्याचा वाटेल, पण विचारतो. एवढी उठाठेव करण्यापेक्षा तयार यादी का घेऊ नये? मला एकाने ‘महाराष्ट्रातील ५० हजार व्यावसायिकांचे ई-मेल’ अडीच हजार रुपयांत देऊ केले आहेत. पत्त्यामागे पाच पैसे पडतात. आपल्या ३० रुपयांच्या पत्त्यापुढे हे सहाशे पट स्वस्त नाही का?

धुळ्याचा संगणकवाला

जंक्शन साहेब, मी हे करून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चार-पाच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहावरून मी अशीच विकतची यादी एका परदेशी ई-मेल सेवेत चढवली. पहिल्या दिवशी तीन हजार पत्रे सोडली. संध्याकाळपर्यंत इतकी पत्रे परत आली की सेवेने खाते गोठवले, आणि त्याच खात्यात त्या ग्राहकाची स्वतःच्या दुकानातून जमवलेली सहाशे जणांची चांगली यादीही अडकली. ती बाहेर काढायला मला दोन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. विकतच्या यादीत बंद पडलेले पत्ते असतात, कुणाचेच नसलेले पत्ते असतात आणि काही पत्ते तर मुद्दाम सापळा म्हणून पेरलेले असतात. अशा सापळ्यावर पत्र गेले की पाठवणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाते. पाच पैशांचा पत्ता अशा रीतीने आधीच्या ३० रुपयांच्या पत्त्यांनाही घेऊन बुडतो.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याने एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी केलेल्या असल्या पाहिजेत, जाहिरातीच्या पत्रांत एका दाबासरशी नाव काढण्याची सोय असली पाहिजे आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांवर जाता कामा नयेत आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत राहाव्यात. आपली १४१ जणांची यादी ५,००० च्या जवळपासही नाही, हे खरे. पण लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतेच, आणि तिन्ही नोंदी करायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. शिवाय यादी लहान असताना टक्केवारी फार लवकर बिघडते, कारण १४१ जणांतल्या एकाने जरी ‘स्पॅम’ दाबले तरी ते ०.७ टक्के होते.

या तीन नोंदींचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर असा, की आपल्या नावाने पत्र टाकायला कुठल्या टपालपेटीला परवानगी आहे ते एसपीएफ सांगते, पत्रावरची सही आपलीच आहे आणि वाटेत मजकूर बदललेला नाही याची खूण डीकेआयएम देते, आणि या दोहोंपैकी एकही जुळले नाही तर पत्राचे काय करायचे ते डीमार्क सांगते. यासाठी स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावाने नोंदवलेले नाव, हवे. ‘अमुकतमुक ॲट जीमेल’ असा पत्ता प्रेषक म्हणून टाकून तिसऱ्याच सेवेतून घाऊक पत्रे पाठवू नयेत, कारण गूगलच्या सूचनांत त्याला स्पष्ट मनाई आहे.

गिरणीवाले भाऊ, आपल्यासाठी दोन सूचना आहेत. एक म्हणजे, पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये असा पर्याय आला आहे की तो चालू असला तर वाचकाने पत्र न उघडताही त्यातली चित्रे आधीच उतरवली जातात आणि आपल्याला ते उघडल्यासारखे दिसते. कुणी दुव्यावर दाबले, कुणी उलट उत्तर लिहिले आणि कुणी माल मागवला, एवढेच मोजा. दुसरी सूचना खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आहे. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते आणि उरलेले पाहायला वेगळा दुवा देते. इंग्रजीचे अक्षर एका बाइटात बसते, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हे आहेत. त्यामुळे नक्षीदार साच्यात लांबलचक मराठी पत्र लिहिले की शेवट कापला जातो, आणि नाव काढण्याचा दुवा नेमका शेवटीच असतो. तो न सापडलेला माणूस मग ‘स्पॅम’ दाबून मोकळा होतो. साधे, बिनचित्रांचे पत्र पाठवले तर हा प्रश्नच उरत नाही.

भुसावळ_जंक्शन

डोळे उघडले. अडीच हजार वाचले, त्याबद्दल धुळेकरांना एक शेवभाजी माझ्याकडून लागू. पण मग पत्ते गोळा करताना चुकीचे पत्ते येतच असतील, त्यांचे काय करायचे?

गिरणीवाला (यावल)

येतात, आणि त्यांचे नमुने पाहण्यासारखे असतात. ‘जीमेल’चे ‘गामिल’ झालेले असते. पत्त्याच्या चौकटीत मोबाइल नंबर टाकलेला असतो. एकदा तर एकाच पत्त्यावरून अकरा जणांनी तक्ता मागितल्याचे दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की तो पत्ता तालुक्याच्या गावातल्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचा आहे. लोकांना स्वतःचा पत्ता आठवत नाही म्हणून तो सगळीकडे स्वतःचाच पत्ता टाकतो आणि त्याला कुणाचे काय आले याचा पत्ताही नसतो. खात्रीच्या पत्राचा उपयोग इथेच होतो. त्यावर न दाबणाऱ्याला मी सात दिवसांनी यादीतून काढतो. आकडा लहान होताना जीव कळवळतो, पण ई-मेल सेवा यादीतल्या माणसांच्या संख्येवर पैसे घेते, तेव्हा मेलेला पत्ता सांभाळायला दरमहा भाडे भरण्यात अर्थ नाही.

उधन्याची माहेरवाशीण (सुरत)

मी विकणारी नाही, अशा यादीतली वाचणारी आहे, म्हणून लिहू की नको असे वाटत होते. माझे माहेर चोपडा तालुक्यातले आहे आणि लग्नानंतर वीस वर्षे सुरतेत गेली. उधना-लिंबायत भागात आपली माणसे इतकी आहेत की कानबाईच्या सणाच्या वेळी गल्लीच्या गल्ली रोटांच्या तयारीला लागलेली असते.

माझ्याकडे अशी तीन दुकानांची पत्रे येत होती आणि दोन मी बंद केली. पहिल्याची पत्रे दर दोन दिवसांनी येत आणि प्रत्येकात ‘आज शेवटचा दिवस’ असे लिहिलेले असे. तो शेवटचा दिवस दोन महिने चालू होता. दुसऱ्याने वर्षभर काहीच पाठवले नाही आणि एकदम एक दिवस चार जाहिराती आल्या, तेव्हा हे कोण हेच मला आठवेना. तिसऱ्याची पत्रे मी दुपारी जेवणाच्या सुटीत वाचते. तो महिन्यातून एकदा, फार तर दोनदा लिहितो, यंदा उडीद कसा आला, बिबडे कधी घालणार, ढगाळ वातावरणामुळे किती दिवस उशीर होईल, असे. मला ते वाचताना बिबडे वाळत घालायला गच्चीवर पसरलेली धोतरे दिसतात. मी त्याच्याकडून किती वेळा मागवले ते मोजलेले नाही, पण आमच्या इमारतीतल्या चार घरांचे पार्सल आता माझ्याच नावावर येते.

एक तक्रार मात्र आहे. पत्रात भाव असतो, पण कुरिअर धरून घरात किती रुपयांना पडेल ते कधीच लिहिलेले नसते. तो आकडा शेवटच्या पानावर दिसला की फसवल्यासारखे वाटते.

मास्तरीण (अमळनेर)

ताईंनी फार नेमके लिहिले आहे. मी एका बचत गटाची पत्रे लिहून देते, त्यामुळे विषयाच्या ओळीबद्दल थोडे सांगते. फोनवर ती ओळ अर्धीच दिसते, म्हणून महत्त्वाचा शब्द पहिल्या तीन-चार शब्दांत यायला हवा. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांसाठी आनंदाची बातमी’ या ओळीतली बातमी कापली जाते आणि फक्त सन्मान उरतो.

आम्ही एकदा ‘आखाजी उनी’ (आखाजी आली) अशी अहिराणी ओळ घातली होती. धुळे, अमळनेर, पारोळा इकडच्या वाचकांकडून इतकी उत्तरे आली की आम्हीच चकित झालो. काहींनी तर दुकानाचा विषय सोडून झोक्याची गाणी लिहून पाठवली. त्याच पत्रावर फैजपूरकडच्या एका बाईंनी मात्र लिहिले की आमच्या घरात अहिराणी कुणी बोलत नाही, आम्ही लेवा गणबोली बोलतो, आणि खानदेशी म्हटले की तुम्ही सगळ्यांना एकाच पिशवीत घालता. त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून आम्ही नाव नोंदवताना मूळ गावाचा तालुका विचारतो, आणि फैजपूर-यावलसारख्या पूर्वेकडच्यांना साध्या मराठीत लिहितो. भाऊ, आपण तर यावलचेच आहात, तेव्हा हे आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

काळा कोट (जळगाव)

पत्ता, तालुका, लागवडीचा महिना असे विचारले जात आहे, म्हणून कायद्याचे थोडे लिहितो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, अशी टप्प्यांची रचना आहे. मथितार्थ असा की माहिती कशासाठी घेतली जाते ते आधी स्पष्ट सांगावे लागते, संमती स्वतंत्रपणे आणि समजून दिलेली असावी लागते, आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच काढून घेणेही सोपे असावे लागते. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की तक्त्यासाठी घेतलेल्या पत्त्यावर विक्रीची पत्रेही येणार असतील तर चौकटीच्या खालीच तसे लिहावे, आणि आधीच खूण केलेली चौकट ठेवू नये. ज्या माहितीचा उपयोग ठरलेला नाही ती मागूच नये. जन्मतारीख मागणारी बिबड्यांची दुकाने मी पाहिली आहेत.

भुसावळ_जंक्शन

शेवटचा प्रश्न विचारतो आणि थांबतो. माझे चटई-सतरंज्यांचे छोटे दुकान आहे. सुरुवातीला किती पैसे घालावेत आणि थांबायचे कधी?

गिरणीवाला (यावल)

मी जसे केले असते तसे सांगतो. आधी जाहिरात लावूच नये. गेल्या वर्षभरात ज्यांनी माल नेला त्यांतल्या वीस-पंचवीस जणांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर त्यांचे पत्ते घ्यावेत आणि त्यांना दोन पत्रे लिहून पाहावीत. त्यांनाच पुन्हा काही घ्यावेसे वाटले नाही, तर अनोळखी माणसाला पैसे देऊन बोलावण्यात हशील नाही, आणि चटई काही दर महिन्याला लागणारी वस्तू नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. त्यातून काही हाती लागले तर दोन हजार रुपये, आणि वरचा जीएसटी, एवढेच घालावे. रोज शंभर रुपयांची मर्यादा ठेवावी आणि मोबाइल ॲपमधल्या जागा पहिल्याच दिवशी वगळाव्यात. क्लिकचा भाव वहीत लिहूच नये. पक्का पत्ता कितीला पडला आणि त्या पत्त्याने सहा महिन्यांत किती दिले, हे दोनच रकाने ठेवावेत. माझ्या दुसऱ्या खेपेचा पक्का पत्ता ३० रुपयांना पडला आणि जवळजवळ सहा महिन्यांत त्याने सरासरी ५३ रुपये दिले. हा दुसरा आकडा पहिल्याच्या खाली राहिला असता तर मी थांबलो असतो.

ताईंची तक्रार बरोबर आहे. यापुढे पत्रातच सुरत, पुणे, मुंबई आणि नाशिक यांचा घरपोच भाव कुरिअर धरून लिहीन.

आणि एक सांगायचे राहिले. गेल्या वर्षी एका खेपेत कुरिअरवाल्याने डबे उलटेपालटे टाकले आणि बिबड्यांचा चुरा झाला. सात जणांचे पैसे परत केले, उरलेला माल आमच्याकडेच पडून होता. मी यादीला सरळ लिहिले की आमच्याकडे अकरा किलो चुरा आहे, तो तळता येणार नाही, पण कच्चे तेल, कांदा आणि तिखट घालून खाता येईल, आणि निम्म्या भावात देतो. आजवरच्या कुठल्याही पत्रापेक्षा त्या पत्राला अधिक उत्तरे आली आणि माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपला. बावीस जणांना नाही म्हणावे लागले. त्यांची नावे मी वेगळी काढून ठेवली आहेत, आणि यंदाचे बिबडे गच्चीवरून उतरवताना जो चुरा निघेल त्याचे पत्र आधी त्यांनाच जाणार आहे.